किती डिग्रीला भाजलंय तेही विचारा

सिंथेटिक बोन ग्राफ्टचा, म्हणजे हाडातली पोकळी भरायला बाहेर बनवलेल्या मालाचा, विषय निघाला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, हे कशापासून बनवतात हो? मी बरीच वर्षं सिरॅमिकच्या फर्नेससमोर काढलीत, त्यामुळे मला दरवेळी वाटतं की त्याच्या जोडीला अजून एक प्रश्न यायला पाहिजे, हे किती डिग्रीला भाजलंय आणि किती वेळ? कारण पावडर तीच, डबा तोच, पण एक खेप ९०० ला काढली आणि दुसरी १२५० ला काढली तर शरीरात गेल्यावर दोघींचं वागणं इतकं वेगळं असतं की त्याला एकच माल म्हणणं मला तरी जमत नाही. मराठीत यावर नीट लिहिलेलं मला फारसं दिसलं नाही आणि डॉक्टरांना ओपीडीत एवढं सांगत बसायला वेळ नसतो, म्हणून आज सगळं लिहून काढतेय. लांबलंय, पण वाचा.

आधी हाडाबद्दल थोडं. आपलं हाड वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, कॅल्शियम फॉस्फेटच्या घराण्यातलं, हायड्रॉक्सीअपॅटाइट म्हणतात त्याच्या जवळचं. बाकीचं कोलॅजेन नावाचं प्रथिन आणि पाणी. मोडलेलं हाड बहुतेक वेळा आपलं आपण जुळून येतं, पण मधे खड्डाच पडला असेल, गाठ काढल्यावर पोकळी राहिली असेल, दात काढून काढून जबडा झिजला असेल तर तिथे काहीतरी भरावं लागतं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे पेशंटच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून भरणं, आजही सर्जन त्यालाच पहिला नंबर देतात. पण त्यात दुसरी जखम होते, ती जागा काहीजणांना कित्येक महिने दुखत राहते, आणि कमरेतून काढून काढून किती काढणार? म्हणून मग बाहेर बनवलेला माल आला.

आमच्या घरात हा विषय गेल्या आंब्याच्या सीझनला आला. देवगडकडे बाग असली की दर सीझनला कुणाचा तरी पाय, कुणाचा तरी मणका, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. काका आंबे काढायचा झेला घेऊन झाडावर चढले, फांदी मोडली आणि खाली आले, नडगीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक आत दबलं. सर्जननी दबलेला सांध्याचा भाग खालून वर उचलून जागेवर आणला, त्याच्याखाली जी पोकळी झाली ती पांढऱ्या दाण्यांनी भरली आणि बाजूने प्लेट आणि स्क्रू लावले. अशा फ्रॅक्चरला हीच पद्धत असते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात कुणीतरी काकांना सांगितलं की आत हाडाची पावडर घातलीय. मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारतात, "मेलेल्या माणसाचा हाड तर नाय ना गो घातल्यानी माझ्या पायात?"

"नाय ओ काका, भट्टीत भाजलेला खनिज आसा, कुणाचा हाड नाय."

थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मगे टिकतला मा?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण या सगळ्या शास्त्राचा गाभाच तो आहे. टिकायला पाहिजे की जायला पाहिजे? आणि किती दिवसांनी? काकांच्या फाइलमधे पाकिटावरचा स्टिकर लावलेला होता, त्यावर हायड्रॉक्सीअपॅटाइट ६० टक्के आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ४० टक्के असं होतं. पहिलं टिकणारं, दुसरं जाणारं. दोन्ही मुद्दाम एकत्र ठेवलेले, म्हणजे एक भाग हळूहळू विरघळून आणि पेशींनी खाऊन तिथे स्वतःचं हाड येईल आणि दुसरा भाग तोपर्यंत, आणि त्यानंतरही, जागा धरून राहील. नीट भाजलेलं हायड्रॉक्सीअपॅटाइट कित्येक वर्षांनी काढलेल्या एक्सरेतही दाण्यांसारखं दिसतं, बीटा ट्रायकॅल्शियम बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या मधे निघून जातं. माझ्या मते गुडघ्याखालच्या अशा पोकळीला मिश्रण ही समजूतदार निवड आहे.

आता या दोघांतला फरक कुठून येतो ते बघा. हायड्रॉक्सीअपॅटाइटमधे फॉस्फरसच्या एका अणूला कॅल्शियमचे १.६७ पडतात, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधे १.५. फरकाची सुरुवात इथून. लॅबमधे चुन्याची निवळी नाही तर चुन्याचं दाट दूध घेतात, ते ढवळत ठेवून त्यात फॉस्फरिक अॅसिड थेंब थेंब सोडतात, आणि सगळं लक्ष पीएचवर ठेवतात. पीएच नऊच्या वर राहिला तर १.६७ च्या जवळ जाता येतं. अॅसिड घाईने सोडलं, पीएच खाली गेला, तर कॅल्शियम कमी असलेलं अपॅटाइट पडतं. गंमत म्हणजे त्या वेळी बघून काही कळत नाही, दोन्ही भांड्यांत सारखाच पांढरा साका, गाळून वाळवला की सारखीच खडूसारखी ढेकळं. खरं काय झालंय ते भट्टी सांगते. कॅल्शियम कमी पडलेली पावडर ७००-८०० च्या पुढे तापवली की तिचा काही हिस्सा बीटा ट्रायकॅल्शियम होऊन बसतो. हे नकळत झालं तर बॅच गेली, आणि मोजूनमापून केलं तर काकांच्या पायातलं ६०-४० चं मिश्रण बनवायचा तोच रस्ता.

आणि उलट बाजूला गेलं, म्हणजे चुना जास्त झाला तर? तर भाजल्यावर मालात मोकळं कॅल्शियम ऑक्साइड शिल्लक राहतं, आपल्या भाषेत कळीचा चुना. कोकणात कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर काय होतं हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही, फसफसतो, तापतो, फुगून फुटतो. तेच छोट्या प्रमाणावर त्या दाण्याच्या आत होतं. भट्टीतून काढलेला तुकडा टणटणीत वाटतो, टेबलावर ठेवला, हवेतली वाफ शोषत गेला, आणि काही दिवसांनी त्याला केसासारख्या चिरा. आमच्याकडची पावसाळ्यातली हवा म्हटल्यावर तर विचारायलाच नको. शरीरात गेला तर फुगणं वेगळं आणि आजूबाजूला अल्कली वाढून पेशींना त्रास होतो तो वेगळाच. हे तपासायची एक साधी युक्ती आहे, मला ती फार जवळची. भाजलेल्या तुकड्याची चिमूटभर पूड करून ओली करायची आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकायचा, शाळेत टायट्रेशनला वापरतो तेच. मोकळा चुना असेल तर पांढऱ्यावर लगेच गुलाबी रंग चढतो. एक्सरे डिफ्रॅक्शनमधे (एक्सआरडी, म्हणजे मालात कुठलं खनिज आहे ते एक्सरेने ओळखायची तपासणी) तोच चुना ३७.४ अंशाच्या आसपास छोटंसं शिखर दाखवतो, पण त्या मशीनची वेळ मिळेपर्यंत हा थेंब बरंच सांगून जातो.

आता खरी भट्टी. मफल फर्नेसमधे दाबलेल्या गोळ्या अॅल्युमिनाच्या ताटलीत ठेवतात, खाली त्याच पावडरचा पातळ थर देतात म्हणजे तळ चिकटत नाही. पहिली शंभर दोनशे डिग्री नुसतं पाणी जाण्यात जातात. मग २०० ते ६०० मधे जे काही सेंद्रिय घातलंय, चिकटवण्यासाठी घातलेलं बाइंडर म्हणा नाही तर भोकं पाडण्यासाठी घातलेला स्पंज म्हणा, ते जळून जातं. हा टप्पा नवीन मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि ते घाई करतात, पण इथे मिनिटाला एखादी डिग्री असं रांगत जायला लागतं. आत जळणाऱ्या वस्तूचा गॅस होतो, त्याला बाहेर पडायला वाट आणि वेळ लागतो, जाड तुकडा असेल तर अजून जास्त. घाई केली की आतून उकलतो.

९०० च्या पुढे मजा चालू होते. पावडरचे कण एकमेकांना जिथे टेकलेत तिथे मानेसारखा जोड तयार होतो, तो जाड होत जातो, मधल्या फटी बुजत जातात, आणि हे सगळं न वितळता. हायड्रॉक्सीअपॅटाइट १६०० च्या वर कुठेतरी वितळतं, आपण ११०० ते १२५० मधेच असतो. याला सिंटरिंग म्हणतात. दोन-चार तास तिथे धरून ठेवायचं आणि मग सावकाश थंड. दार उघडल्यावर पहिलं जे जाणवतं ते म्हणजे माल आक्रसलेला असतो, लांबीत १५-२० टक्के सहज, ताटलीवर आधीचं वर्तुळ पुसट दिसतं आणि त्याच्या आत छोटी गोळी. नखाने वाजवली की टिणक आवाज येतो, आधी ती नखाने खरवडली जात होती. आणि कधीकधी ती गोळी चक्क फिकट निळी असते! पहिल्यांदा बघणारा घाबरतो की काहीतरी मिसळलं. मॅंगनीजचा अगदी किंचित अंश रसायनात असतो आणि तो हवेत तापल्यावर अपॅटाइटच्या जाळीत बसून असा निळा रंग देतो. माल खराब नसतो, पण कच्चं रसायन किती शुद्ध होतं त्याची ती पावती असते.

मग तापमान अजून वाढवलं तर अजून मजबूत होईल का? इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. हायड्रॉक्सीअपॅटाइटच्या रचनेत पाण्याचा अंश, म्हणजे हायड्रॉक्सिल, बांधलेला असतो. ९०० च्या पुढे तो थोडा थोडा सुटायला लागतो, १३०० च्या वर गेलं की मूळ खनिजच मोडतं आणि त्यातून ट्रायकॅल्शियम आणि टेट्राकॅल्शियम फॉस्फेट अशी दुसरी मंडळी तयार होतात. फर्नेसमधे पाण्याची वाफ असेल तर हे मोडणं लांबतं, अगदी कोरडी हवा किंवा व्हॅक्यूम असेल तर लवकर होतं, म्हणजे डिग्रीबरोबर आतली हवाही बघायला लागते. शिवाय जास्त वेळ जास्त तापवलं की मालाच्या आतले बारीक स्फटिक एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि मोठ्या स्फटिकांचा माल ठिसूळ. म्हणजे मजबुती एका मर्यादेपर्यंत वाढते आणि मग उलटी फिरते.

ट्रायकॅल्शियमचं दुखणं अजून वेगळं. ते ११२५ च्या आसपास बीटाचं अल्फा होतं. रसायन तेच, अणूंची मांडणी बदलते, आणि मांडणी सैल असल्यामुळे घनता ३.०७ वरून २.८६ वर येते, म्हणजे आकारमान साधारण सात टक्के फुगतं. घट्ट होत आलेल्या मालाच्या आत असं फुगणं म्हणजे चिरा आल्याच. आणि अल्फा बीटापेक्षा खूप जलद विरघळतं. अल्फा टाकाऊ नाही, उलट पाण्यात कालवून घट्ट होणारं बोन सिमेंट त्याच्यापासून बनतं, पण सर्जनला सांगितलं वर्षभर राहील आणि चुकून भट्टी पन्नास डिग्री वर गेल्यामुळे आत अल्फा निघालं तर हाड यायच्या आधीच भराव जाईल. पन्नास डिग्री म्हणजे काय हो, तापमान मोजणारं थर्मोकपल जुनं झालं, फर्नेसच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं, की तेवढा फरक पडतोच. म्हणून मी म्हणते की भट्टीचं कॅलिब्रेशन हे कागदी काम समजू नका, पेशंटच्या पायात जे जाणार ते तिथे ठरतं.

भोकांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ठोस गोळी घातली तर हाड तिच्या बाहेरून चिकटेल पण आत शिरणार नाही. आत शिरायला, रक्तवाहिनी जायला, किमान १०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भोकं लागतात आणि ३०० च्या वरची असतील तर बरं. आणि ती एकमेकांत उघडणारी पाहिजेत. घावन कसं, तव्यावर चांगली जाळी पडली की एका बाजूने दिसणारं भोक थेट दुसऱ्या बाजूला निघतं, तशी. आतल्या आत बंद राहिलेलं भोक फुकट, त्याने ताकद कमी होते आणि हाडाला वाटही मिळत नाही. बनवायची एक जुनी आणि अजूनही चालणारी रीत म्हणजे साधा पॉलियुरेथेनचा स्पंज घ्यायचा, त्याला पावडरच्या पातळ घोळात बुडवून पिळायचा, वाळवायचा आणि भाजायचा. स्पंज जळून जातो, त्याच्या धाग्यांवर बसलेलं सिरॅमिक मागे राहतं. हातात घेतलं की वजनच लागत नाही.

पण अशा सच्छिद्र तुकड्याची ताकद फार कमी. आपल्या हाडाची बाहेरची घट्ट भिंत शंभराच्या वर मेगापास्कल दाब सहज सोसते, सच्छिद्र सिरॅमिक कित्येकदा एक आकडी मेगापास्कलला चुरा होतं. म्हणून काकांच्या पायात भार प्लेटने आणि स्क्रूने घ्यायचा असतो, दाण्यांनी नाही. डॉक्टर पाय टेकू नका म्हणतात तेव्हा खरंच टेकू नका. बागेत गडी आलेत, पेट्या भरायच्यात, मी नुसता उभा राहतो, असलं काही चालत नाही. (काकांना हे रोज सांगावं लागलं, शेवटी काकीने काठीच लपवून ठेवली.)

माणूस हे किती काळ शोधतोय बघा. १८९२ साली ड्रीसमन नावाच्या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. प्लास्टर म्हणजे तरी काय, जिप्सम साधारण १५० डिग्रीपर्यंत भाजून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी काढलेलं. तिथेही उष्णताच. फक्त ते शरीरात काही आठवड्यांत विरघळून जातं. १९२० मधे अल्बी आणि मॉरिसन यांनी ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडाच्या जखमेत वापरून बघितलं. १९६९ मधे अमेरिकेत फ्लोरिडाला लॅरी हेंचनी अशी काच बनवली जी हाडाला चक्क चिकटते, बायोग्लास. तिचीही गोष्ट तापमानाचीच, वितळवून पटकन थंड केली तर काच राहते, पण नंतर तिला सिंटर करायला पुन्हा तापवली की ती स्फटिकं धरायला लागते आणि तिची हाडाशी होणारी क्रिया मंदावते. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूटने बायोसिरॅमिकवर वर्षानुवर्षं काम केलंय, ज्यांना या विषयात पुढे शिकायचंय त्यांनी तिकडे जरूर बघा.

एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. आपल्या शरीरातलं खनिज ३७ डिग्रीला बनतं. त्याचे स्फटिक नॅनोमीटरमधे मोजायचे, त्यात कार्बोनेट असतं, रचना थोडी विस्कळीत असते, आणि म्हणूनच शरीर ते रोज थोडं काढतं आणि थोडं नवीन घालतं. आपण १२५० ला भाजतो तेव्हा कार्बोनेट निघून जातं, स्फटिक कितीतरी पटीने मोठे आणि नीटनेटके होतात, आणि शरीराला ते काढणं अवघड होतं. ताकद पाहिजे म्हणून भाजायचं आणि भाजलं की जिवंत हाडापासून लांब जायचं, ही ओढाताण या क्षेत्रात कायमची आहे. कमी तापमानाच्या रीती, सिमेंट, हायड्रोथर्मल (बंद भांड्यात गरम पाण्यात करायची रीत), थ्रीडी प्रिंटिंग, हे सगळे प्रयत्न त्यातूनच चाललेत.

पेशंटच्या घरच्यांनी काय विचारावं? एक म्हणजे मूळ काय, पूर्ण सिंथेटिक की जनावराच्या हाडातून काढलेलं. गाईगुरांचं हाड भाजून त्यातलं सगळं प्रथिन घालवून बनवलेले ग्राफ्ट बाजारात आहेत, वैद्यकीय दृष्टीने ते वापरात आहेत, पण आपल्याकडे काही घरांत त्याला हरकत असते आणि ते आधी सांगायला काही लाज नाही. दुसरं म्हणजे हे राहणारं आहे की विरघळणारं आणि किती दिवसांत. आणि पाकिटावरचा स्टिकर फाइलमधे लावलाय का ते बघा, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर एक्सरेत दिसणारे पांढरे दाणे काय आहेत ते त्यावरून कळतं, नाहीतर कुणीतरी घाबरवतं.

आता शिंपल्यांचं. कोकणातल्या कॉलेजांतली मुलं मला हमखास विचारतात की ताई, किनाऱ्यावर, खाडीत, हॉटेलांच्या मागे शिंपल्यांचे ढीग पडलेत, आपण त्यातून हाड का नाही बनवत? विचार चांगला आहे आणि करून बघाच. कालवं असोत की तिसऱ्या, कवच बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. ९०० च्या आसपास भाजलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि शंभर किलोचा ५६ किलो चुना उरतो, आपल्या खाड्यांच्या काठी पूर्वी शिंपल्यांच्या चुन्याच्या भट्ट्या लागायच्या त्यात हेच व्हायचं. तो चुना पाण्यात विझवून वर सांगितलं तसं फॉस्फरिक अॅसिड घातलं की अपॅटाइट. पण एक लक्षात घ्या, शिंपला फक्त कॅल्शियम देतो आणि कॅल्शियम या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. खर्च बसतो तो तापमानावर नियंत्रण असलेल्या भट्टीला, तपासण्यांना, निर्जंतुक पॅकिंगला आणि मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खालच्या परवान्याला. फुकट शिंपल्याने ग्राफ्ट स्वस्त होईल असं मला वाटत नाही. शिकायला मात्र याच्याइतका चांगला प्रोजेक्ट नाही.

माशांचे काटे त्याहून मजेशीर कारण त्यात अपॅटाइट आयतंच असतं, फॉस्फरस बाहेरून घालायला नको. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर काट्यांची काय कमी! सुरमईचा मधला काटा उकडून, मांस खरवडून, धुऊन वाळवून फर्नेसमधे ठेवा. ३००-४०० ला काढला तर कोळशासारखा काळा, ६०० ला राखाडी, ८०० च्या पुढे पांढरा शुभ्र, आणि मणक्यांचा आकार जसाच्या तसा, फक्त चिमटीत धरताना जपून. कधीकधी त्यात थोडं बीटा ट्रायकॅल्शियमही सापडतं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर पांढरं समुद्रफेन वाहून येतं ना, माकुलाच्या पाठीतलं, ते पण बघा. मोडून कडेने बघितलं तर भिंगाशिवायही पातळ थर एकावर एक दिसतात आणि मधे उभे खांब, निसर्गाने आयतीच सच्छिद्र रचना दिलीय. ते आरागोनाइट असतं, कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप. फर्नेसमधे थेट तापवलं तर आधी कॅल्साइट, म्हणजे त्याचंच दुसरं रूप, आणि मग चुना होऊन कोसळतं, म्हणून ते भाजत नाहीत, फॉस्फेटच्या द्रावणात बंद भांड्यात २०० डिग्रीच्या आसपास ठेवतात, आकार तोच राहतो आणि खनिज बदलून अपॅटाइट होतं. ही कल्पना मूळची प्रवाळावरची, रॉय आणि लिनेहॅन यांनी १९७४ मधे दाखवलेली. मालवणचं प्रवाळ मात्र कुणी उचलू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि समुद्रफेन आपोआप किनाऱ्यावर येत असताना जिवंत प्रवाळ तोडायची काही गरजही नाही.

समुद्रातल्या मालात मॅग्नेशियम असतं, ते बीटाला धरून ठेवतं आणि अल्फा व्हायचं तापमान वर ढकलतं, त्यामुळे पुस्तकातला ११२५ चा आकडा तुमच्या शिंपल्याच्या पावडरला तसाच लागू होईल असं धरू नका. आणि खाडीच्या तोंडाशी कारखान्याचं पाणी येत असेल तिथला माल घेऊ नका, भाजल्याने प्रथिन जळतं, शिसं आणि आर्सेनिक अपॅटाइटमधे बसून राहतात. वैद्यकीय हायड्रॉक्सीअपॅटाइटला आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५ आणि शिसं ३० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर चालत नाही.

ज्यांच्या कॉलेजला फर्नेस आहे त्यांनी एकच पावडर ८००, ११०० आणि १२५० ला भाजा, वेग आणि धरून ठेवायचा वेळ सारखा ठेवा, भाजण्याआधी आणि नंतर व्हर्नियरने व्यास मोजा, मधेच लाईट गेली तर ती खेप सरळ बाजूला काढा आणि वहीत तसं लिहा. थंड झाल्यावर माल सिलिका जेलच्या डेसिकेटरमधे (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात), उघड्यावर अजिबात नाही. मग फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब, आणि जमलं तर तिन्हींचं एक्सआरडी. ग्राफ कसा वाचायचा ते कळलं नाही तर फोटो पाठवा, मी बघून सांगेन.